चाकावरचे प्रश्न : बिनदिव्याची ट्रॉली आणि आतला रस्ता

(वाचकांच्या प्रश्नांना नाशिकच्या एका निवृत्त मोटार वाहन निरीक्षकांची उत्तरं)

प्रश्न : मुलगा बारावीला आहे. अठरा पूर्ण व्हायला अजून चार महिने आहेत, पण क्लासला जायला गाडी आत्ताच हवी म्हणून हटून बसलाय, तीही १६० सीसीची. क्लास पिंपळगावला. हायवेला लागायचं नाही, आतल्या रस्त्यानंच जायचं, या अटीवर द्यावी असं घरात चाललंय. आतल्या रस्त्याला वर्दळ नसते. तुमचं मत सांगा.
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : दादा, आधी त्या चार महिन्यांचं बोलू, तिथे मताचा प्रश्नच नाही. अल्पवयीन पोरगा गाडी चालवताना सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. तोवर एसटीचा पास काढून द्या.

आता तुमची अट. ‘आतला रस्ता बरा’ हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं, आणि बहुतेक वेळा पोलीस ठाण्याच्या आवारात, चेपलेल्या गाडीशेजारी उभ्या असलेल्या नातेवाइकांच्या तोंडून. अपघातातली गाडी तपासून ब्रेक, दिवे, टायर ठीक होते की नव्हते हे लिहून द्यायचं काम आमच्याकडे असतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२चा अहवाल काढून बघा. त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली शंभरात ६८ ग्रामीण भागात. (ग्रामीण भागातून जाणारे हायवेही यात आले, हे खरं.) मेलेल्यांत ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे. अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश सरळ रस्त्यावर झालेले. घाटाचं आणि वळणाचं नाव उगाच बदनाम. आणि सगळ्यात वाईट वेळ संध्याकाळी सहा ते नऊ. क्लास कधी सुटतो, ते तुम्हीच बघा.

आपल्याकडे त्या वेळी रस्त्यावर काय असतं? कांद्याची ट्रॉली. हंगामात लासलगाव-पिंपळगावच्या कांदा बाजारात नंबर लागावा म्हणून लोक रात्रीच निघतात, काही पहाटे अंधारात. डबल ट्रॉली असेल तर मागच्या ट्रॉलीच्या दिव्याची वायर जोडलेलीच नसते. रिफ्लेक्टर असतो, पण त्यावर मातीचा थर. एखाद्यानं फळीला लाल फडकं बांधलेलं असतं, तेवढीच काय ती खूण. समोरून पिकअप अप्पर मारत आला की दोन क्षण डोळ्यांपुढे नुसता पांढरा पडदा, आणि ट्रॉली नेमकी त्या पडद्यामागे.

हिशेब सोपा आहे. साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. दिसलं, उमगलं, ब्रेकवर पाय गेला, यात दीड सेकंद धरा. २५ मीटर तिथेच संपले. कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला तरी थांबायला आणखी तेवढेच लागतात. डिपरचा उजेड मात्र जेमतेम ३०-४० मीटर. म्हणजे दिव्यात ट्रॉली दिसली तेव्हाच तिला धडकणं ठरलेलं असतं. पोराला सांगायचं ते हेच, आणि आकड्यांसकट सांगा. ‘हळू चालव’ हे त्यानं हजारदा ऐकलेलं आहे. अंधार पडला की चाळीसच्या वर काटा नको. समोरून प्रकाश आला की आधी वेग सोडायचा, आणि नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची, दिव्यावर नाही.

पावसाळ्यात दुसरी भानगड. निफाडकडची माती काळी. ट्रॅक्टर वावरातून डांबरावर चढतो तेव्हा मोठ्या चाकांच्या नक्षीतून चिखलाचे गोळे पडत जातात. ऊन पडलं की ते वाळून सपाट होतात, आणि हलकी सर आली की त्यांचा साबण होतो. वावराचा रस्ता जिथे डांबराला मिळतो तिथे गाडी आडवी न करता, ब्रेक न दाबता, आधीच कमी केलेल्या वेगात निघून जायचं.

१६० सीसी घ्यायचीच असेल तर एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. पण आपल्याकडे ‘पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटा पडतो’ असं बापच पोराला शिकवतो. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे येतं, त्यामुळे थांबवायचं मुख्य काम पुढचंच चाक करतं. लायसन आलं की रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर त्याला दोन्ही ब्रेक एकत्र दाबायला लावा, आधी वीसच्या वेगात, मग तिसाच्या. शोरूमवाला हे करून घेत नाही.

प्रश्न : आम्ही दोघं दर आठवड्याला वणीहून दिंडोरीला येतो. हे हेल्मेट घालतात. मागे बसणारीला लागतं का? साडीवर, अंबाड्यावर ते बसतच नाही.
– एक वाचक, वणी

उत्तर : लागतं, ताई. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला. केंद्राच्या कायद्यात दंड १,००० रुपये आणि लायसन तीन महिने निलंबित; दंडाची पावती मात्र यजमानांच्या नावे. २०२२ मध्ये हेल्मेट नसताना मेलेले ५०,०२९, त्यात मागे बसलेले १४,३३७. मागचं माणूस बेसावध असतं. गावाच्या वेशीवर पट्टे न मारलेला गतिरोधक आला की चालवणाऱ्याच्या हातात निदान हँडल असतं, एका अंगाला बसलेल्या बाईच्या हातात पिशवी. पिशवी मधे ठेवा आणि सीटमागची कडी धरा. अंबाडा सोडून मानेवर सैल वेणी घाला, आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट नीट बसतं. पट्टा आवळा, हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढीच जागा हवी. पदर खोचूनच बसा. आणि गाडीचा साडीगार्ड ‘दिसायला बरं नाही’ म्हणून काढला असेल तर आजच परत बसवून घ्या. तो कायद्यानं दिलेला आहे.

प्रश्न : रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर मदत करावी वाटते, पण पोलिसांचा ससेमिरा नको.
– एक निवृत्त शिक्षक, सिन्नर

उत्तर : गुरुजी, कायदा तुमच्या बाजूनं आहे. कलम १३४अ आणि २०२० चे नियम यांनुसार मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, आणि साक्षीदार व्हायचं की नाही हे तो ठरवतो. दवाखान्यातही अडवता येत नाही. १०८ ला फोन लावा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, बसवू नका. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. आणि ठिकाण सांगताना नुसतं ‘घोटी रोडला’ म्हणू नका. कडेच्या दगडावरचा किलोमीटर आणि जवळच्या वस्तीचं नाव सांगा, आणि एका पोराला बॅटरी देऊन पन्नास पावलं मागे, येणाऱ्या गाड्यांच्या दिशेला, रस्ता सोडून कडेला उभं करा.