प्रश्न तुमचे: मिनी ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट

प्रश्न: द्राक्षबागेत २० एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याला थ्री-पॉइंटवर (ट्रॅक्टरमागच्या तीन जोड-दांड्यांवर) जोडलेला रोटाव्हेटर वापरतो. पीटीओ (इंजिनाची ताकद अवजाराला देणारा ट्रॅक्टरमागचा फिरता दांडा) टाकला की शाफ्टमधून ‘कट’ असा आवाज येतो आणि वेगात मागचा सगळा भाग थरथरतो. मेकॅनिक म्हणतो, पूर्ण शाफ्ट बदला. नुसता क्रॉस (जॉइंटमधला अधिक चिन्हासारखा तुकडा) टाकून भागेल का?
– एक बागायतदार, तासगाव

उत्तर: बहुतेक वेळा भागते. पण आधी खेळ नेमका कुठे आहे ते शोधा. इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा, रोटाव्हेटर जमिनीवर टेकवा. मग जॉइंटच्या दोन्ही बाजूंचे योक (क्रॉसला धरणारे दोन कानांचे तुकडे) दोन हातांत धरून उलटसुलट पिळा. दोन योकांच्या मध्ये हालचाल जाणवली तर क्रॉस गेला. कपाच्या (क्रॉसच्या प्रत्येक टोकावरच्या टोपीच्या) कडेला विटेच्या भुकटीसारखी तांबडी पूड दिसली तर शंकाच नको. आतल्या सुया ग्रीसविना कोरड्या चालून गंजल्या, त्याची ती पूड. हालचाल पीटीओच्या दात्यांवर असेल तर टोकाचा योक झिजला आहे. आतली नळी बाहेरच्या नळीत डुगडुगत असेल, किंवा नळीला पीळ पडला असेल, तरच मेकॅनिकचे म्हणणे खरे.

क्रॉस घेताना ‘वीस एचपीचा द्या’ असे सांगून चालत नाही. कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांची बाहेरून बाहेर लांबी, अशी दोन मापे व्हर्नियरने घ्या. छोट्या यंत्रांवर २२ × ५४, २३.८ × ६१.३ किंवा २७ × ७४.६ मिमी ही मापे नेहमी दिसतात. जुना क्रॉस सोबत नेलात तर उत्तमच.

काढताना चारही लॉक (कप जागेवर धरणाऱ्या रिंगा) पक्कडीने काढा. एका बाजूला कपापेक्षा किंचित लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला कप आत मावेल एवढे मोठे सॉकेट ठेवून व्हाइसमध्ये दाबा. हातोडीने ठोकून काढला तर योकचे कान वाकतात आणि नवा क्रॉस पहिल्या दिवसापासून घट्ट फिरतो. बसवताना कपातल्या सुया ग्रीसमध्ये चिकटवून उभ्या ठेवा. कप शेवटचे दोन-तीन मिमी आत जाईना, लॉकची खाच दिसेना, तर एक सुई तळाशी आडवी पडली आहे असे समजा. तिथे जोर लावू नका, कप बाहेर काढा. ग्रीस निप्पल गन पोहोचेल अशा बाजूला ठेवा. लॉक बसल्यावर जॉइंट हाताने सर्व दिशांना फिरला पाहिजे. घट्ट वाटला तर योकच्या कानावर बाहेरून हातोडीची हलकी टिचकी द्या, कप लॉकला टेकून मोकळा होतो.

कप योकच्या भोकात नुसत्या बोटाने सरकला तर भोक मोठे झाले आहे. त्यावर वेल्डिंगचा टाका मारून देणारे भेटतात. त्यांना नमस्कार करा आणि योक बदला.

थरथर मात्र क्रॉस बदलूनही राहू शकते. चौकोनी दांडीचा शाफ्ट असेल तर जोडताना तो ९० अंशांनी चुकून बसतो. मधल्या नळ्यांना जोडलेले आतले दोन्ही योक एका रेषेतच हवेत. जॉइंट वाकून फिरतो तेव्हा पुढचा शाफ्ट दर फेऱ्यात दोनदा पळतो आणि दोनदा मंदावतो. कोन २० अंश असेल तर वेग सुमारे ६ टक्क्यांनी वरखाली होतो. दुसरा जॉइंट ही चूक भरून काढतो, पण योक रेषेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे असतील तरच. म्हणून टॉप लिंक (थ्री-पॉइंटची वरची दांडी) फिरवून गिअरबॉक्सचा शाफ्ट पीटीओला समांतर करून घ्या.

प्रश्न: नवीन शाफ्ट आणला तर तो लांब निघाला. दुकानदार म्हणाला, ‘थोडा कापून घ्या.’ थोडा म्हणजे किती?

उत्तर: अंदाजाने मुळीच नाही. लांब शाफ्ट आतून टेकला की तो पीटीओच्या आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर घणासारखा दाब देतो. आधी ऑइल सील गळते, मग बेअरिंग जाते.

पीटीओ आणि गिअरबॉक्स एका पातळीत येतील तेवढेच अवजार उचला. थ्री-पॉइंटवरच्या अवजारात हीच सर्वांत कमी अंतराची जागा. पूर्ण वर किंवा पूर्ण खाली अंतर वाढते. अवजाराखाली भक्कम ठोकळे द्या, इंजिन बंद करा. शाफ्टचे दोन भाग वेगळे करून एक ट्रॅक्टरला, एक अवजाराला लावा आणि शेजारी-शेजारी धरा. प्रत्येक नळीचे टोक समोरच्या कव्हरच्या शंकूपासून ४० मिमी अलीकडे राहील अशी खूण करा. आतली नळी, बाहेरची नळी आणि प्लास्टिकची दोन्ही कव्हरे, चौघांना सारखेच कापा. कानशीने कडा मोडा, आतला चुरा कापडाने पुसून काढा, ग्रीस लावून जोडा. मग अवजार पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन पाहा. सर्वांत लांब स्थितीतही नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश गुंतलेल्या हव्यात. त्याहून कमी असतील तर शाफ्टच आखूड आहे, परत करा. (कापल्यावर तो कुणी परत घेत नाही, म्हणून मापे आधी.)

खरेदीआधी पीटीओचे दातेही मोजा. ३५ मिमी व्यास आणि ६ दाते हे नेहमीचे, पण सगळ्या ट्रॅक्टरांना तेच असेल असे धरू नका. योक चढवल्यावर लॉकची पिन ‘टक’ करून बाहेर आली का पाहा आणि योक मागे ओढून खात्री करा.

प्रश्न: शिअर बोल्ट रोज तुटतो. त्याहून मजबूत हाय टेन्साइल टाकू का?

उत्तर: नको. गिअरबॉक्स वाचवण्यासाठीच तो तुटतो. पुस्तिकेत दिलेला व्यास आणि ग्रेड, तोच वापरा. तुटण्याची कारणे पाहा: मोठ्या रेसवर पीटीओ टाकणे, पात्यांत अडकलेली तार किंवा ठिबकची नळी, आणि लांबट झालेले बोल्टचे भोक. सैल बोल्ट दर धक्क्याला कातरला जातो.

प्रश्न: ओढत्या ब्लोअरचा (ट्रॅक्टरमागे ओढायच्या फवारणी यंत्राचा) क्रॉस एका हंगामात जातो. ग्रीस नियमित देतो.
– निफाड तालुका

उत्तर: ओळीच्या टोकाला वळताना पीटीओ चालूच ठेवता का? अरुंद बागेत वळणावर कोन सहज ३५ अंशांपलीकडे जातो, तिथे साधा जॉइंट अडकत-अडकत फिरतो. वळण्याआधी पीटीओ बंद करा. ओढत्या यंत्रात सर्वांत कमी अंतर वळणावर येते, तेव्हा लांबीही तिथेच तपासा. ग्रीस क्रॉसला दर ८ तासांनी द्या, कपाच्या चारही बाजूंनी नवे ग्रीस डोकावेपर्यंत. एकाच बाजूने आले तर इतर तीन सुकेच आहेत. सरकणाऱ्या नळीला आणि कव्हरच्या रिंगांनाही द्या, ते सहसा राहून जाते.

आणि कव्हर फुटले असेल तर काम थांबवून आधी ते बसवा. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९ फेरे. १० सेंमी व्यासाचा योक सेकंदाला सुमारे २.८ मीटर कापड ओढून गुंडाळतो. उपरणे किंवा पदर सोडवायला तेवढा वेळ मिळत नाही.