तिशीनंतर हनुवटीवर येणारी मुरुमं: कोणती औषधं घेता येतात?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ३२, पाळीच्या आठवडाभर आधी हनुवटीवर दुखऱ्या गाठी येतात आणि फेसवॉश बदलून काही फरक नाही. साहजिक आहे, कारण मूळ त्वचेच्या आत आहे. अँड्रोजेन या (पुरुषांमध्ये जास्त, पण बायकांमध्येही असणाऱ्या) हार्मोनमुळे तेलग्रंथी जास्त तेल सोडतात.

सुरुवात बहुधा अ‍ॅडापलीन या त्वचेवर लावायच्या जेलने होते. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढंच. पहिले काही आठवडे साल निघते, घाबरू नका. सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड (मुरुमांचे जंतू मारणारं लावायचं औषध) असेल तर उशीचा अभ्रा पांढरा घ्या, रंगीत कापडावर डाग पडतात.

गाठी खोल असतील तर डॉक्टर स्पायरोनोलॅक्टोन (अँड्रोजेनचा परिणाम रोखणारी गोळी) देतात, साधारण रोज ५० ते १०० मिग्रॅ. माझ्या बहिणीला फरक दिसायला तीन महिने लागले. पाळी मागेपुढे होते, किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियम तपासावं लागतं. गर्भनिरोधक गोळ्यांचाही उपयोग होतो, पण ऑरासह मायग्रेन (डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी), रक्ताच्या गुठळ्या किंवा वाढलेला बीपी असेल तर नकोत. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या हट्टी मुरुमांसाठी. त्याने गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं.

बाळाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मग अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड हे लावायचं औषध बरं.

आणि कळकळीनं सांगते, कॉलेज रोडवरच्या मेडिकलमधून कुणी सुचवलेली स्टेरॉइडची ट्यूब लावू नका. बहिणीने लावली, आठ दिवस चेहरा उजळला, मग दुप्पट फुटला. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर केस वाढत असतील तर पीसीओएसची (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार) तपासणीही करून घ्या.