डोमेन आधी स्वतःच्या नावावर कर

स्वतःची साइट काढताना डोमेन (साइटचं नाव, म्हणजे तिचा पत्ता) आणि होस्टिंग (साइटच्या फाइल्स ठेवायची भाड्याची जागा) घेशील, तेव्हा पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नकोस, रिन्यूअलचा दर आधी वाच. खरी मेख तिथेच असते. डोमेन आणि होस्टिंग वेगवेगळ्या कंपन्यांकडे ठेव. होस्टिंग रडवायला लागलं तर साइट हलवून नेमसर्व्हर (डोमेनवरून साइट कुठे आहे ते सांगणारे सर्व्हर) बदलायचे, नाव आपल्याच हातात. आणि डोमेन तुझ्याच नावावर, तुझ्याच ईमेलवर नोंदव. माझं डोमेन एकदा साइट बनवणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. सोडवताना नाकी नऊ आले. त्याच डोमेनवरचा ईमेल मात्र नोंदणीत देऊ नकोस, डोमेन संपलं की तोही बंद! पाच-दहा पानांना साधं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) भरपूर झालं. एसएसएलचे (साइटचं कनेक्शन सुरक्षित करणाऱ्या सर्टिफिकेटचे) वेगळे पैसे मागितले तर सरळ पुढची कंपनी बघ, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट फुकट मिळतं.