जर्मनीतला हजेरीचा पंच, बोर्ड आणि तासांचं खातं: बेळगावच्या उद्यमबागेतनं निघालेल्या मित्राला

तू विचारलायस की जर्मन कारखान्याच्या इंटरव्ह्यूत त्यांनी टाइम अकाउंट, शॉपफ्लोर बोर्ड असलं काय काय सांगितलं, म्हणजे तिथं मिनिटामिनिटावर डोळा ठेवतात काय, आणि ओव्हरटाइम मारून पहिल्याच वर्षात कर्ज फिटेल काय. डोळा ठेवतात म्हणण्यापेक्षा लिहून ठेवतात बघ. आणि ओव्हरटाइमवर कर्ज फेडायचं गणित आत्ताच डोक्यातनं काढ.

आपल्याकडं मस्टर सुपरवायझरच्या टेबलावर. डबल ड्युटी केलीस तर तो वहीत मांडणार, आपला कायदा ओव्हरटाइमला दुप्पट द्या म्हणतो पण हातात काय पडतंय ते पगारादिवशी कळतं, आणि तोंड उघडलं की ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’, म्हणजे जरा सांभाळून घ्या. इथं जर्मनीत गेटजवळ हजेरीचं टर्मिनल असतं, येताना चिप म्हणजे तुझं हजेरीचं कार्ड लावायचं, जाताना परत लावायचं, आणि तुझ्या नावानं तासांचं खातं चालू राहतं. करारात आठवड्याला ३५ तास असले आणि तू ३८ भरलेस तर ३ जमा. उलटं झालं तर वजा. जमा तास पैशात मिळणार की सुट्टीत हे करारावर असतं, बऱ्याच ठिकाणी सुट्टीतच देतात. ३५ तास पण सगळीकडं नाहीत बरं का, पश्चिम जर्मनीत आयजी मेटाल युनियनचा करार लागू असलेल्या कंपन्यांत १९९५ पासून आहेत, बाकी ठिकाणी ४० पण असतात, त्यामुळं ऑफर लेटर नीट वाच.

इथला कायदा म्हणतो दिवसाला ८ तास, फार तर १०, आणि ते पण सहा महिन्यांची सरासरी ८ वर आली पाहिजे. एक दिवस सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी लागेपर्यंत ११ तास मध्ये गेले पाहिजेत. म्हणजे डबल ड्युटी हा प्रकारच नाही. युरोपच्या कोर्टानं २०१९ मध्ये आणि मग जर्मनीच्या वरच्या कामगार कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलंय की कामाच्या तासांची नोंद मालकानं ठेवलीच पाहिजे. माझ्या मते यात फायदा आपल्यासारख्या भाषा कच्ची असलेल्याचाच जास्त, भांडायला शब्द सुचत नाहीत तेव्हा कागद दाखवता येतो.

तो कागद वाचायला मात्र शिकायचं. तिथं ७,७५ दिसलं तर ते सात तास पंचाहत्तर मिनिटं नव्हेत, पावणेआठ तास. तासाचे १०० भाग करतात आणि टिंबाच्या जागी स्वल्पविराम घालतात. सहा तासांवर काम गेलं की अर्धा तास, नऊच्या वर गेलं की पाऊण तास ब्रेक, आणि बऱ्याच सिस्टिम तो आपोआप कापतात, तू जेवलास का नाही ते विचारत नाहीत, म्हणून उठून जेवायचं. जातानाची चिप मारून साहेबाला खूश करायला परत मशीनवर जायचं आपल्या पोरांचं एक असतं, ते नको, त्यानं फोरमन अडचणीत येतो, खूश कोण होत नाही. आणि मित्राची चिप चुकूनपण मारू नकोस, त्यासाठी नोटीस न देता काढू शकतात.

आता बोर्ड. शिफ्ट लागताना सगळे दहा-पंधरा मिनिटं त्याच्यापुढं उभे राहतात. एका बाजूला मशीनची नावं, वर दिवस, जॉबची कार्डं चुंबकानं लावलेली, हिरवं म्हणजे वेळेत, लाल म्हणजे अडकलंय. लाल कार्डाशेजारी कारण लिहायचं: इन्सर्ट (टूलला लावायची कटिंगची टोकं) संपले, ड्रॉइंग चुकलंय, क्रेन मिळाली नाही. आपल्याकडं लाल म्हणजे शिव्या, म्हणून पोरं शेवटच्या दिवसापर्यंत हिरवं ठेवतात. इथं तसं केलंस तरच बोलणी बसतील, कारण सोमवारी कळलं असतं तर माणूस देता आला असता.

तिथंच आणखी एक तक्ता असतो, नावं आणि मशीन, प्रत्येक चौकटीत एक गोल. पाव भरला म्हणजे शिकतोय, अर्धा म्हणजे कोणीतरी सोबत लागतं, पाऊण म्हणजे एकटा करतो, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. उद्यमबागेत दहा वर्षं व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवरचं मिलिंग मशीन चालवली असलीस तरी तुझे गोल रिकामे किंवा पाव भरलेलेच असणार. मनाला लावून घेऊ नकोस, बऱ्याच ठिकाणी पगाराचा ग्रेड वाढवून मागताना हाच तक्ता पुढं ठेवतात, म्हणून दर काही महिन्यांनी फोरमनला सांगून गोल भरून घ्यायचे. लाजायचं नाही.

पाळतीची भीती म्हणशील तर, कामगारांवर नजर ठेवता येईल असं कुठलंही सॉफ्टवेअर किंवा कॅमेरा लावायचा असेल तर जिथं बेट्रीब्सराट म्हणजे कामगारांची निवडून आलेली कमिटी आहे तिथं तिची संमती लागते. तुझ्या कंपनीत ती आहे काय ते विचार.

सुट्टीचा प्लॅनर पण भिंतीवरच, आणि तो जानेवारीतच भरत येतो. इथं तारीख कमी, आठवड्याचा नंबर जास्त बोलतात. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणजे ३८ वा आठवडा. घरी यायचं असेल तर ३८ आणि ३९ वर तुझं नाव लवकर पडलं पाहिजे, शाळेच्या सुट्टीत पोरंबाळं असलेल्यांना आधी देतात पण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बहुतेक राज्यांच्या उन्हाळी सुट्ट्या संपलेल्या असतात, त्यामुळं अडचण यायची नाही. जॉइन व्हायच्या आधीच एचआरला मेल टाकून ठेव.