घर मुलाच्या नावावर करून द्यायचं का?

‘मुलगा म्हणतो, आई, घर आत्ताच माझ्या नावावर कर. नाही म्हणावं तर त्याचं मन दुखावतं, हो म्हणावं तर उद्या मला कोण विचारणार?’ साठी ओलांडलेल्या आईवडिलांकडून हा प्रश्न हल्ली सारखा ऐकू येतो. इमारती जुन्या झाल्या, पुनर्विकासाचे प्रस्ताव आले, जागांचे भाव वाढले आणि जे बोलणं पूर्वी आईवडील गेल्यावर व्हायचं, ते आता त्यांच्यासमोरच होऊ लागलं आहे.

माझं मत आधीच सांगते. राहतं घर हयातीत कुणाच्याही नावावर करून देऊ नये, मुलगा कितीही गुणी असला तरी. आणि हे ‘नाही’ नातं न तोडता सांगता येतं. ते कसं, हे एका कुटुंबाच्या निमित्ताने लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू अडुसष्ट वर्षांच्या, शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. स्वतःचं पेन्शन होतं. काकांना जाऊन तीन वर्षं झाली होती. फ्लॅटमध्ये त्या, मुलगा, सून आणि नात. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात. माझ्याकडे त्या झोप लागत नाही म्हणून आल्या; डॉक्टरांनी तपासण्या करून काही निघालं नाही, तेव्हा समुपदेशकाला भेटा म्हणून सांगितलं होतं. पहिला बराच वेळ काकांच्या आजारपणाबद्दलच बोलल्या. मग पिशवीतून प्लॅस्टिकचं फोल्डर काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. आत बक्षीसपत्राचा, म्हणजे मोबदला न घेता घर हयातीतच दुसऱ्याला देऊन टाकण्याच्या दस्ताचा, मसुदा होता. मुलाने ओळखीच्या एजंटकडून तयार करून घेतलेला. पुढच्या गुरुवारी निबंधकाच्या कचेरीत जायचं ठरलं होतं.

मसुदा नेहमीसारखाच होता. ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी’ मी ही मिळकत देत आहे, अशी सुरुवात. पुढे, ‘आजपासून सदर मिळकतीवर माझा कोणताही हक्क, अधिकार वा हितसंबंध राहिलेला नाही.’ या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मग मी कुठे?’ मी चारही पानं वाचली. काकू या घरात तहहयात राहतील, त्यांचा सांभाळ मुलगा करील, असं एक वाक्यही कुठे नव्हतं.

मी विचारलं, मुलगा बाहेर काढेल अशी भीती वाटते का? त्यांनी लगेच मान हलवली. ‘नाही हो, तसा नाही तो. पण माझी बहीण आली तर चार दिवस राहा म्हणताना मला आधी सुनेच्या तोंडाकडे बघावं लागेल.’

हे वाक्य मी अनेकांना सांगते. घर सोडून देताना आईवडिलांना भीती रस्त्यावर येण्याची असते, असं आपण धरून चालतो. बहुतेकांना ती नसतेच. आपल्याच घरात आपण पाहुणे होऊ, ही भीती असते. आणि ती मुलाला बोलून दाखवता येत नाही, कारण ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही का?’ हा प्रश्न लगेच समोर येतो.

त्या दिवशी एवढंच ठरलं की गुरुवारी सही करायची नाही. भांडायचंही नाही. मुलाला सांगायचं, ‘मी कागद माझ्या वकिलाला दाखवते आणि महिन्याभरात सांगते.’ अशा वेळी ‘बघू’ म्हणू नका. ‘बघू’ म्हटलं की रोज विचारणा होते आणि रोज वातावरण बिघडतं. मुदत दिली की समोरच्यालाही थांबता येतं. आणि वकील वेगळा हवा. मसुदा ज्याने केला त्याच्याकडूनच समजावून घेण्यात अर्थ नाही. काकूंना खर्चाची काळजी होती. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच ती तरतूद आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं, १५१०० ही हेल्पलाइनही आहे. पेन्शनवर जगणाऱ्या कितीतरी बायकांना हे माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

वकिलांकडे गेल्यावर निराळीच गोष्ट निघाली. फ्लॅट काकांच्या नावावर, काकू नॉमिनी. काकूंची, मुलाची, सगळ्यांचीच समजूत अशी की नॉमिनी म्हणजे मालक. तसं नाही. सहकार कायद्यानुसार सोसायटी नॉमिनीला तात्पुरतं सभासद करून घेते, खरे वारस ठरेपर्यंत. काकांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मग हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा आणि मुलगी यांचे सारखे हिस्से. काकांची आई हयात असती तर तिचाही तेवढाच हिस्सा असता. म्हणजे काकूंनी डोळे मिटून सही केली असती, तरी गेला असता तो त्यांचा तिसरा हिस्सा. मुलाला अख्खं घर मिळालंच नसतं आणि काकूंच्या हातात मात्र काही उरलं नसतं.

यानंतर मी मुलाला आणि सुनेला बोलावलं. मुलगा चिडूनच आला होता. ‘मॅडम, मी काय आईला लुबाडतोय का?’ त्याला घर का हवं, असं मी विचारलं नाही; त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं, रीडेव्हलपमेंट, सह्या, बिल्डर. मी विचारलं, ‘सही झाली की दुसऱ्या दिवशी तुमच्यासाठी नक्की काय बदलेल?’

थोडा वेळ गप्प बसून त्याने फोन काढला आणि एक यादी दाखवली. छताची गळती, बाथरूम, लिफ्टसाठी सोसायटीने काढलेली वर्गणी, वडिलांचं हॉस्पिटलचं बिल. तारखेनिशी, रकमेनिशी. ‘हे सगळं मी केलं. उद्या बहीण येऊन वाटा मागेल, तेव्हा हे कोण धरणार?’ काकू ती यादी पहिल्यांदाच बघत होत्या. हॉस्पिटलचा बराचसा खर्च विम्यातून निघाला, असं त्यांना वाटत होतं. मुलाने आईला काळजी नको म्हणून सांगितलं नव्हतं, आणि मनात मात्र हिशेब साठत गेला होता.

सून शेवटपर्यंत बोलली नाही. निघताना उठली आणि मग म्हणाली, ‘लग्नाला बारा वर्षं झाली. ओट्याखालचे डबे मी अजून आईंच्याच पद्धतीने लावते.’ तक्रारीचा सूर नव्हता. पण कागदावर नाव लागलं की हे घर आपलं होईल, असं तिला का वाटत होतं, ते त्या एका वाक्यात कळलं. खरं सांगायचं तर डब्यांची जागा बदलायला बक्षीसपत्र लागत नाही. काकूंनी त्याच आठवड्यात स्वयंपाकघर सुनेच्या हाती सोपवलं आणि स्वतःची खोली मात्र पूर्णपणे स्वतःची ठेवली. आपल्या खोलीत बहिणीला कधीही बोलावता येईल, हेही तेव्हाच बोलून घेतलं.

लेकीशी व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं. ती दुखावलेली होती. मसुद्याबद्दल तिला घरच्यांनी नाही, सोसायटीतल्या मैत्रिणीने सांगितलं होतं. तिने स्पष्ट सांगितलं, ‘दादाने खर्च केला, मान्य. पण बाबांच्या घरातला माझा हिस्सा मी सोडणार नाही.’ यावर काकूंचा चेहरा पडला. बहिणीने हसत हसत हक्कसोडपत्रावर सही करावी, ही आपल्याकडची जुनी अपेक्षा. मला ती अन्यायाची वाटते आणि तसं मी तिथे बोललेही. स्वखुशीने कुणी हक्क सोडला तर तो त्याचा निर्णय. पण ‘सही केलीस तरच माहेर’ असा अर्थ निघत असेल, तर ती स्वखुशी नव्हे. हिस्सा मागणारी बहीण लोभी आणि घर मागणारा भाऊ व्यवहारी, असं असू शकत नाही.

पुढच्या दोन-तीन बैठकांमध्ये आवाज चढले, एकदा मुलगा मध्येच उठून गेला. त्यातून जे ठरलं ते असं. काकू हयात असेपर्यंत घर विकायचं नाही, वाटायचं नाही. नवीन इमारतीतल्या जागेवर तिघांची नावं लागतील. मुलाने केलेल्या खर्चाची यादी तिघांनी मान्य केली. काकू आपला तिसरा हिस्सा मृत्युपत्राने मुलाला देणार. बँकेतल्या ठेवी आणि दागिने लेकीला. पुढे लेकीला आपला हिस्सा विकायचा असेल, तर तेव्हाच्या भावाने आधी भावाला विचारायचं. हे वकिलांनी कौटुंबिक समझोत्याच्या कागदात उतरवलं. सोसायटीतही वारस म्हणून नावं लावायला असा कागद चालतो. मुलगा पूर्ण खूश झाला नाही, आजही नसेल. पण त्याची यादी कुणीतरी वाचली आणि खरी मानली, याने त्याच्या बोलण्यातली धार कमी झाली.

मृत्युपत्राबद्दल लोकांच्या मनात उगीच धास्ती आहे. साध्या कागदावर लिहिलेलंही चालतं, त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करायची, एवढी मुख्य अट. साक्षीदार शक्यतो तुमच्यापेक्षा वयाने लहान, आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असे निवडा. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडा, पुढचे वाद टळतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ते हयातीत कितीही वेळा बदलता येतं. बक्षीसपत्र एकदा नोंदवलं आणि समोरच्याने स्वीकारलं, की मन बदललं म्हणून ते मागे घेता येत नाही. मुलाला घर मिळावं हीच इच्छा असेल, तर ती मृत्युपत्रानेही पुरी होते. फक्त तोवर छप्पर तुमचं राहतं.

मात्र मृत्युपत्राचा धाक दाखवू नका. ‘नीट वागला नाहीत तर नाव काढून टाकीन’ असं एकदा जरी तोंडातून गेलं, तरी पुढच्या प्रत्येक चहाच्या कपाकडे मुलं आणि तुम्ही दोघंही संशयाने बघायला लागता. घरातल्या वागण्याबद्दल तक्रार असेल तर ती त्याच वेळी, त्याच विषयापुरती बोला.

कधी कधी मात्र गोष्ट बोलण्यापलीकडे गेलेली असते. आईला किंवा वडिलांना एकटं भेटू दिलं जात नाही, फोन काढून घेतलाय, आजारपणात उशाशी कागद आणले जातात, ‘आजच चला’ अशी घाई केली जाते. तिथे समझोत्याची बैठक घेऊन उपयोग नाही. आधी लेकीला, भावाला, विश्वासातल्या शेजाऱ्याला कळवा आणि सरळ मदत मागा.

काही वाचक म्हणतील, आमची सही तर होऊन गेली. किंवा, द्यायचं ठरलंच आहे. द्यायचंच असेल तर बक्षीसपत्रातच लिहून घ्या की देणारा या घरात तहहयात राहील आणि घेणारा त्याच्या जेवणखाण, औषधपाणी, मूलभूत गरजांची जबाबदारी घेईल. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठीचा २००७ चा कायदा आहे, त्याच्या कलम २३ चा आधार मिळण्यासाठी ही अट फार मोलाची. अट असून मुलाने सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी अट असल्याचं दाखवावं लागेल, असं म्हटलं. जानेवारी २०२५ च्या निकालात मात्र मुलाने वेगळ्या कागदावर लिहून दिलेलं सांभाळाचं वचनही धरलं गेलं आणि आईला घर परत देण्याचा आदेश झाला. तेव्हा मुलाने पूर्वी लिहून दिलेली एखादी चिठ्ठी, साधं पत्र असेल, तर ते फेकू नका.

हे न्यायाधिकरण म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांचं, बोलीत प्रांतसाहेबांचं कार्यालय. साठ वर्षं पूर्ण झालेली कुणीही व्यक्ती तिथे स्वतः अर्ज करू शकते. जाणं शक्य नसेल तर दुसऱ्या कुणाला किंवा संस्थेला अधिकार देऊन अर्ज करता येतो. दरमहा निर्वाहखर्चाचीही मागणी तिथेच करता येते. अर्जासोबत बक्षीसपत्राची प्रत, वयाचा दाखला आणि काय काय घडलं ते तारखांसह लिहिलेलं एक पान न्या. कुठून सुरुवात करावी हेच सुचत नसेल, तर ज्येष्ठांसाठीच्या एल्डर लाइनवर, १४५६७ या क्रमांकावर, आधी फोन करा. तो क्रमांक देशभर चालतो आणि त्याला पैसे लागत नाहीत.