ज्योत, बंदूक आणि मामांचं नाव

प्रश्न : आईचे मामा १९६५च्या लढाईत गेले, देह मिळालाच नाही. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण दिल्लीला जायचंच म्हणते. घरी इंडिया गेटखालच्या ज्योतीचा जुना फोटो आहे. तिथे खाली कुणा अज्ञात जवानाला पुरलंय का? फुलं कुठे वाहायची?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : नाही, पुरलेलं कुणी नाही. लंडनला आणि पॅरिसला अनोळखी सैनिकाचा देह खरोखरच दफन केलाय, १९२०-२१ साली. आपल्याकडे १९७१च्या युद्धानंतर २६ जानेवारी १९७२ला इंदिरा गांधींनी अमर जवान ज्योतीचं उद्‌घाटन केलं, तिथे होती ती उलटी रोवलेली बंदूक आणि वर हेल्मेट. मला तेच पटतं. आपल्यात देह जाळायचाच असतो.

फोटोतलं आता तिथे काही नाही, हे आईंना आधीच सांगा, नाहीतर कमानीखाली उभ्या राहून शोधत बसतील. ज्योत २१ जानेवारी २०२२ला शेजारच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात विलीन केली. बंदूक-हेल्मेटही त्याच वर्षी तिकडेच, परमवीरांच्या पुतळ्यांजवळ नेलं.

मामा स्वातंत्र्यानंतरच्या युद्धातले, म्हणून तुम्हाला हेच स्मारक पाहायचंय. तिथल्या त्याग चक्राच्या ग्रॅनाइट भिंतींवर पंचवीस हजारांहून जास्त नावं आहेत. (इंडिया गेटवरची तेरा हजारांवर नावं पहिल्या महायुद्धातली आणि १९१९च्या अफगाण युद्धातली. तिथे मामा सापडणार नाहीत.) स्मारकाच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं, ते निघण्यापूर्वीच करा. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा. आपली गावाकडची आडनावं फौजेच्या कारकुनांनी कशीही लिहिलीत. देवळालीच्या तोफखान्यात मी उभी हयात काढली, माझंच आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हांचं आहे! पेन्शनचे किंवा पदकाचे कागद असतील तर त्यावरचं स्पेलिंग आणि पलटण धरून चाला.

फुलं आत नेऊ देतात का, ते दारावरच्या जवानाला विचारा. हुज्जत घालू नका. संध्याकाळपर्यंत थांबा. रोज एका हुतात्म्याच्या घरची माणसं तिथे पुष्पचक्र वाहतात. प्रवेशाला पैसे नाहीत. चालणं मात्र बरंच आहे, व्हीलचेअर मागायला आईंना लाजू देऊ नका.

नाशिकरोडवरून पंजाब मेल आहेच. पण जानेवारीचा उत्तरार्ध टाळा. परेडच्या तालमींमुळे तिकडचे रस्ते बंद असतात.