आजोबा म्हणतात, 'काही नाही, बरंय'

प्रश्न : ८२ वर्षांच्या आजोबांकडे मी दिवसपाळीला जाते. दुखतंय का विचारलं, की 'काही नाही, बरंय' एवढंच. घरचे म्हणतात, रात्री कण्हतात. त्यांना बोलतं कसं करायचं? – एक मदतनीस, नाशिक

उत्तर : आधी प्रश्न बदला. 'दुखतंय का?' याला अनेक वयस्कर माणसांचं उत्तर ठरलेलं असतं. 'हो' म्हटलं की डॉक्टर, तपासण्या, मुलाची रजा, सगळंच मागे लागतं ना! 'कुठल्या कुशीवर झोप लागते?', 'उठताना कुठे जोर लावावा लागतो?' असं विचारा. टीव्ही बंद करून समोर स्टुलावर बसा, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या. कमी ऐकू येणारी माणसं ओठांकडेही बघत असतात. एका वेळी एकच प्रश्न, आणि मग मनात दहापर्यंत आकडे मोजा. तीन म्हणेपर्यंत दुसरा प्रश्न टाकायची घाई होते. आजोबांनी जुळवत आणलेलं उत्तर तिथेच तुटतं आणि 'काही नाही' म्हणून ते सुटका करून घेतात.

आंघोळ घालताना, तेल लावताना चेहरा बघा. श्वास रोखला, कपाळाला आठी पडली, हात एखाद्या जागी गेला, तर तेही उत्तरच.

सांगितलंच, तर त्यांचाच शब्द परत म्हणा : 'गुडघा रात्री ठणकतो, असं ना?' ठणका, कळ, चमक, जळजळ, मुंग्या यांवरून डॉक्टरांना दिशा मिळते; वहीत सरसकट 'दुखते' लिहिलं की ती गेली. नोंद अशी हवी : 'स. ९.१०, खुर्चीतून उठताना कमरेत डावीकडे "चमक भरली" म्हणाले, बसल्यावर थांबली.' आणि 'या वयात चालायचंच' हे तेवढं तोंडातून जाऊ देऊ नका. पुढच्या खेपेला ते सांगणारच नाहीत.

प्रश्न : आजी म्हणाल्या, 'काल न्हाणीघरात पडले, पण लेकाला सांगू नकोस.' काय करू?

उत्तर : सांगायचंच. 'नाही सांगत' असा शब्द देऊ नका. 'मला सांगावं लागेल आजी, पण तुमच्यासमोरच सांगते' म्हणा. डोक्याला मार लागला का आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे तिथल्या तिथे विचारा. दोन्हींना 'हो' असेल, तर वरून काही दिसत नसलं तरी लगेच रुग्णालयात न्यायला सांगा. डोक्यातला रक्तस्राव काही दिवसांनीही त्रास देऊ लागतो.